दान की अधिकार? अन्यायनिवारणात आचार आणि मागणी यांचे स्थान

समाजात अन्याय दिसला असता सज्जनाने काय करावे, या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्या सभांतून, प्रवचनांतून आणि वासनिकांच्या घरगुती चर्चेतून नेहमी ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो : आपल्या हातून होईल ते आपण करावे. तहानलेल्यास पाणी द्यावे, उपाशी असेल त्यास अन्न द्यावे, ज्याला लोक दूर बसवितात त्याला आपल्याजवळ बसवावे. ठराव, निवेदने, मोर्चे आणि निवडणुका हा धर्मशील मनुष्याचा व्यवहार नव्हे. दुसरा पक्ष म्हणतो : एकेकट्याच्या चांगुलपणाने कोणता अन्याय आजवर मुळातून गेला? कायदा बदलला पाहिजे, सत्तेला जाब विचारला पाहिजे. एरवीची सर्व सत्कृत्ये म्हणजे करणाऱ्याच्या मनाचे समाधान होय. दोन्ही पक्षांत प्रामाणिक माणसे आहेत, आणि दोन्ही पक्षांतील माणसे एकमेकांकडे किंचित तुच्छतेने पाहतात, हेही खरे आहे.

हा प्रश्न आपल्या पंथाला विशेषच लागू पडतो. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांतून महानुभावांचा उल्लेख येतो, तेव्हा जातिभेद व विटाळचांडाळ न मानणारा पंथ म्हणून त्याचा गौरव होतो. भिक्षुकाने चारही वर्णांत भिक्षा करावी हा आपला आचार आहे. श्रीगोविंदप्रभूंचा अंत्यजांच्या वस्तीत मुक्त संचार होता हे आपण लीळांतून वाचतो व स्मरतो. एवढ्यावरून आपल्यापैकी कित्येकांनी असा निष्कर्ष काढलेला असतो की, आपल्या वाट्याचे कर्तव्य आचारानेच पूर्ण झाले. उरलेले राजकारणी लोकांचे काम. हा निष्कर्ष बरोबर आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

न्याय, समता, सेवा या शब्दांवर कितीही लिहिले तरी विचार पुढे सरकत नाही, असा अनुभव येतो. म्हणून एकच वस्तू विचारासाठी घेऊ. ती म्हणजे गावचा पाणवठा. या एका वस्तूवर महाराष्ट्रात दोन्ही मार्गांचे प्रयोग झालेले आहेत. त्यांच्या तारखा नोंदलेल्या आहेत आणि त्यांची फळेही आपल्यासमोर आहेत.

पहिला पूर्वपक्ष : आचार पुरेसा आहे

महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यातील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या काळी त्यांना कोणत्याही कायद्याने तसे करण्यास सांगितले नव्हते, आणि कोणता कायदा होईपर्यंत ते थांबलेही नाहीत. हौद त्यांच्या घरचा होता. त्यावर त्यांची सत्ता होती. त्यांनी ती वापरली. पहिल्या पक्षाचे सर्व बळ या एका कृतीत दिसते. जे आपल्या हातात आहे ते करण्यासाठी दुसऱ्याच्या अनुमतीची वाट पाहावी लागत नाही. बोलणारा आणि करणारा एकच असतो, म्हणून त्यात दंभाला जागा कमी राहते. आणि ज्याला आज तहान लागलेली आहे त्याला आजच पाणी मिळते. विधिमंडळाच्या पुढील बैठकीत नव्हे.

या पक्षाचा आणखी एक युक्तिवाद आहे, आणि तो आपल्या ब्रह्मविद्येच्या अभ्यासकांना जवळचा वाटेल. अन्यायाचे मूळ माणसाच्या चित्तात आहे. चित्तातील अभिमान गेल्याशिवाय बाहेरचा नियम बदलून काय होणार? एका दाराने घालवलेला भेद दुसऱ्या दाराने परत येईल. म्हणून प्रत्येकाने आपला आचार शुद्ध करावा; समाज हा अशा माणसांचाच बनलेला आहे.

हा युक्तिवाद खोटा नाही, परंतु अपुरा आहे. याची तीन कारणे आहेत.

पहिले असे की, जे एकाने आपल्या इच्छेने दिले ते त्याच्या इच्छेने बंदही होऊ शकते. दाता उदार असेपर्यंत हौद खुला. त्याच्या मागून घर ज्याच्या ताब्यात येईल त्याचे मन कसे असेल, यावर घेणाऱ्याची तहान अवलंबून राहते. दुसरे असे की, माझा हौद माझ्या गल्लीपुरता आहे. गावाच्या दुसऱ्या टोकाला, शेजारच्या गावी, ज्या गावात एकही उदार घर नाही अशा ठिकाणी माझ्या औदार्याचा उपयोग नाही. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. एकाने द्यावे व दुसऱ्याने घ्यावे, या व्यवहारात देणारा वर राहतो आणि घेणारा खाली राहतो. आपल्या गावांतून पाणवठ्यावर घागर घेऊन अस्पृश्य स्त्रिया दूर ताटकळत बसत आणि कोणी दयावंत बाई आपल्या पोहऱ्यातील पाणी त्यांच्या घागरीत वरून ओतीत असे. ती बाई निर्दय नव्हती. तिने पाणीच दिले. परंतु पाणी देण्याच्या त्या रीतीतच तो भेद दररोज पुन्हा प्रस्थापित होत असे. घागर भरली तरी अपमान उरला.

येथे ऋद्धिपुरातील मातंगांच्या विनवणीची लीळा आठवते. गावातील मातंगांनी पाण्याविना होणारे आपले हाल श्रीप्रभूंपुढे मांडले, आणि श्रीप्रभूंनी ती विनवणी स्वीकारून त्यांच्यासाठी विहिरीस पाणी दिले. लीळा ही स्मरणासाठी आहे; ईश्वराच्या क्रियेचे अनुकरण करण्याचा अधिकार जीवाला नाही, हे आपण जाणतो. तरीही तिचे निरीक्षण करताना दोन गोष्टी लक्षात येतात. विनवणी ज्यांना तहान लागली होती त्यांनीच केली. त्यांच्या वतीने दुसरा कोणी बोलला नाही. आणि त्यांना घागरभर पाणी दिले गेले नाही, विहीर मिळाली. घागर संध्याकाळी रिकामी होते. विहिरीमुळे दुसऱ्या दिवशी कोणाच्या दारी जाण्याची पाळी येत नाही. दयेचा विचार करणाऱ्याने घागर व विहीर यांतील हे अंतर ध्यानात ठेवावे.

कोणी शंका घेईल : ती विहीर निराळीच होती ना? मग भेद तसाच राहिला. शंका रास्त आहे. त्या काळी गावच्या पाणवठ्यावर सर्वांचा समान हक्क आहे असे म्हणणारी कोणतीही राजसत्ता नव्हती आणि दाद मागण्यास न्यायालय नव्हते. परंतु ज्या काळात तशी सत्ता व तसे न्यायालय आहे, त्या काळात 'त्यांच्यासाठी निराळी विहीर खणून देऊ' असे म्हणणारा मनुष्य मातंगांच्या लीळेचा आधार घेऊ शकत नाही. त्याची निराळी विहीर ही तहान भागविण्यासाठी नसते. आपली विहीर राखण्यासाठी असते.

दुसरा पूर्वपक्ष : कायदा पुरेसा आहे

आता दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पाहू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्यांना करू द्यावा, असे त्याचे तात्पर्य होते. त्यास अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपल्या हद्दीतील चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला.

कागदावर न्याय झाला. परंतु पुढील तीन वर्षे त्या तळ्याचे पाणी अस्पृश्यांना घेता आले नाही. ठराव नगरपालिकेच्या दप्तरात राहिला आणि तळ्यावरील पायऱ्या पूर्वी ज्यांच्या होत्या त्यांच्याच राहिल्या. ज्या विधिमंडळाने ठराव केला त्याचे सभासद महाडच्या तळ्यावर उभे राहणार नव्हते. ज्या नगरपालिकेने ठराव केला तिचे मतदार तळ्याच्या काठावर राहत होते आणि त्यांना तो नको होता. ठराव न पाळणाऱ्या नगरपालिकांचे अनुदान बंद करावे, असा आणखी एक ठराव बोले यांना १९२६ साली मांडावा लागला, यावरून पहिल्या ठरावाची अवस्था समजते.

तेव्हा, कायदा झाला म्हणजे न्याय झाला असे मानणे ही दुसऱ्या पक्षाची भूल आहे. कायदा 'तू जाऊ शकतोस' एवढेच म्हणतो. जाण्यासाठी पाय लागतात, आणि ते कायद्याला नसतात.

महाड येथे काय घडले

१९ व २० मार्च १९२७ रोजी डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेसाठी आलेल्या लोकांना लागणारे पाणी गावातून विकत घ्यावे लागले होते. त्याला चाळीस रुपये पडले. दुसऱ्या दिवशी सर्व मंडळी मिरवणुकीने चवदार तळ्यावर गेली आणि डॉ. आंबेडकरांनी व त्यांच्यामागून इतरांनी तेथील पाणी घेतले. नंतर, हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत अशी हूल उठवून जमावाने परिषदेच्या मंडळींवर हल्ला केला. अनेकांना मार बसला. परिषदेची माणसे संख्येने थोडी नव्हती, तरीही डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना उलट हात उगारू दिला नाही. पुढे स्पृश्यांनी पंचगव्याने तळ्याचे 'शुद्धीकरण' केले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले होते. तोच काही स्पृश्य मंडळींनी, तळे आपले खासगी आहे असा दावा लावून न्यायालयाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. हजारो माणसे जमलेली असताना डॉ. आंबेडकरांनी तो हुकूम मानला, तळ्यावरील सत्याग्रह स्थगित केला आणि दावा लढविला. तो दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. त्यांना वगळण्याची अनादि काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नव्हती.

या हकिकतीकडे शांतपणे पाहिले तर लक्षात येते की, आचार आणि मागणी हे दोन मार्ग येथे निराळे काढताच येत नाहीत. तळ्यावर जाणे ही प्रत्यक्ष कृती होती. ज्याने त्याने आपल्या पायाने जाऊन आपल्या ओंजळीने पाणी घेतले. परंतु ती केवळ तहान भागविण्याची कृती नव्हती. या तळ्याचे पाणी प्यालो नाही तर आपण मरणार आहोत असे नव्हे, आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे ठरविण्यासाठी तेथे जावयाचे आहे, असा आशय डॉ. आंबेडकरांनीच डिसेंबरच्या परिषदेत स्पष्ट केला होता. म्हणजे कृती हीच मागणी होती. ठरावाने मार्ग दाखविला, पायांनी तो चालून दाखविला, आणि चालणाऱ्यांवर आघात झाल्यावर न्यायालयाने त्या मार्गावर शिक्कामोर्तब केले. यांतील एक अंग काढले तरी उरलेली निष्फळ ठरतात. १९२३ चा ठराव नसता तर तळ्यावर जाणाऱ्यांच्या पाठीशी कायदा नसता. ते गेले नसते तर ठराव दप्तरात कुजला असता. न्यायालयात चिकाटी धरली नसती तर एका दिवसाची ती कृती स्मरणात राहिली असती, पण तळे बंदच राहिले असते.

आणखी एक भेद येथे करावा लागतो. 'प्रत्यक्ष कृती' हा शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्याचे दोन अर्थ आहेत. जोतीरावांनी हौद उघडला ही ज्याच्याकडे आहे त्याची कृती. महाडला लोकांनी पाणी घेतले ही ज्याला नाकारले आहे त्याची कृती. पहिली औदार्याची आहे, दुसरी स्वाभिमानाची. पहिलीत कर्त्याचा अभिमान कमी होतो, दुसरीत कर्त्याची दीनता जाते. दोहोंची आवश्यकता आहे. परंतु पहिलीने दुसरीची जागा घेऊ नये.

१९३२ चा मतभेद

या प्रश्नाची तात्त्विक चर्चा पुढे पाच वर्षांनी झाली. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला आणि त्यानंतर लगेच अस्पृश्यतानिवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून प्रसिद्ध झाली. घनश्यामदास बिर्ला तिचे अध्यक्ष व अमृतलाल ठक्कर तिचे चिटणीस होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, गोलमेज परिषदेसाठी विलायतेस जाताना, डॉ. आंबेडकरांनी ठक्करांना एक विस्तृत पत्र लिहिले. त्यात त्यांनी कार्याच्या दोन पद्धती दाखविल्या. एक पद्धत अशी मानते की, दुर्दशेस व्यक्तीचे दोष कारण आहेत; म्हणून शाळा, वाचनालये, आखाडे, मद्यपाननिषेध यांच्या द्वारे व्यक्ती सुधारावी. दुसरी असे मानते की, परिस्थितीच प्रतिकूल असेल तर सद्गुणी व्यक्तीही वर येऊ शकत नाही. म्हणून परिस्थिती बदलावी. त्यांनी संस्थेला दुसरी पद्धत स्वीकारण्यास सांगितले : गावच्या विहिरीवर पाणी, शाळेत प्रवेश, चावडीत प्रवेश, सार्वजनिक वाहनांचा उपयोग या नागरिक हक्कांसाठी देशभर मोहीम चालवावी, त्यात तंटे होतील हे गृहीत धरावे.

संस्थेने मुख्यतः पहिली पद्धत स्वीकारली. तिच्या कार्यकारणीत अस्पृश्यांना प्रमुख स्थान का नाही, या आक्षेपाला महात्मा गांधींचे उत्तर असे होते की, अस्पृश्यता हे सवर्णांचे पाप आहे. त्याचे ऋण सवर्णांनी फेडावयाचे आहे, आणि ऋण फेडणारी संस्था ऋणकोंनीच चालवावी.

दोन्ही भूमिकांत सत्याचा अंश आहे, असे म्हणून प्रश्न सोडून देणे सोपे आहे. परंतु नीट पाहिले तर त्या एकाच प्रश्नाची दोन उत्तरे नाहीत. त्या दोन प्रश्नांची दोन उत्तरे आहेत. गांधीजींचा प्रश्न असा होता की, ज्याने अन्याय केला त्याने शुद्ध कसे व्हावे? डॉ. आंबेडकरांचा प्रश्न असा होता की, ज्याच्यावर अन्याय झाला त्याने मुक्त कसे व्हावे? पहिल्याचे उत्तर प्रायश्चित्त आहे. दुसऱ्याचे उत्तर हक्क आहे. प्रायश्चित्त घेणाऱ्याने आपली शुद्धी हळूहळू होऊ द्यावी. परंतु आपली शुद्धी पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याने तहानलेले राहावे, असे म्हणण्याचा त्याला अधिकार नाही. ऋण फेडण्याची रीत ऋणकोने ठरविली आणि धनकोला विचारलेच नाही, तर ते ऋण फिटले की नाही हे कोण सांगणार?

आणि या पत्रातील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हक्कांची मोहीम मागणाऱ्या त्याच पत्रात डॉ. आंबेडकरांनी असेही लिहिले होते की, सवर्णांनी अस्पृश्यांना आपल्या घरी पाहुणे म्हणून वा नोकर म्हणून प्रवेश द्यावा. रोजच्या सहवासाशिवाय ऐक्य होणार नाही. म्हणजे ज्यांना आपण केवळ कायद्याचे पुरस्कर्ते समजतो त्यांनी घरातील आचारही मागितला होता. कायद्याने विहीर उघडते, स्वयंपाकघर उघडत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

सिद्धान्त

येथवरच्या विवेचनातून जो निर्णय निघतो तो असा. अन्याय दिसला असता प्रथम एक प्रश्न विचारावा : ज्या वस्तूविषयी हा अन्याय आहे ती वस्तू कोणाची?

ती वस्तू माझी असेल, तर मागणी करण्यात अर्थ नाही. मी ती कृती आजच करावी. माझे घर, माझी पंगत, माझा आड, माझ्या आश्रमातील स्वयंपाकघर, माझ्या मुलामुलींच्या सोयरिकी या गोष्टींसाठी कोणत्याही विधिमंडळाची अनुमती लागत नाही. ज्याने आपल्या घरी जे केले नाही ते तो सरकारकडे मागतो, त्याची मागणी ऐकणाऱ्याच्या मनात उतरत नाही.

ती वस्तू सर्वांची असेल, तर ती देण्याचा आव मी आणू नये. गावचा पाणवठा, रस्ता, शाळा, स्मशानभूमी ही कोणा एकाच्या औदार्याची वस्तू नव्हे. तेथे दान करणे हाही एक प्रकारचा अपहार आहे. कारण जे मुळात त्याचे आहे तेच मी त्याला माझे म्हणून देतो. अशा ठिकाणी सज्जनाचे कर्तव्य हक्काच्या बाजूने उभे राहणे हे होय : ग्रामसभेत बोलणे, ठरावाला हात वर करणे, साक्ष देणे, आणि लागल्यास शेजाऱ्यांचा रोष पत्करणे.

आणि ती वस्तू ज्याच्यावर अन्याय झाला त्याची असेल, म्हणजे त्याचा निर्णय, त्याचा शब्द, त्याच्या चळवळीचे नेतृत्व, तर मी ती हिरावून घेऊ नये. महाडच्या परिषदेत अनंत चित्रे, गंगाधर सहस्रबुद्धे यांच्यासारखे सवर्ण होते. महाड नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस त्यांच्या बाजूचे होते. त्यांनी साहाय्य केले, सल्ला दिला, आपल्या ज्ञातीचा राग सोसला. पण अध्यक्षस्थान मागितले नाही. साहाय्यकाचे स्थान कोणते, हे त्यांच्या वर्तनावरून शिकावे.

हे तीन विभाग एकाच माणसाच्या आयुष्यात कसे एकत्र नांदतात याचे उदाहरण पुन्हा जोतीरावच आहेत. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा स्वतः काढली. शिकविण्याचे काम सावित्रीबाईंनी केले. चौतीस वर्षांनी, १८८२ साली, हंटर आयोगापुढे निवेदन देऊन त्यांनी शेतकरी व शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. मधल्या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. शाळा काढली म्हणून मागणीची गरज उरली नाही असे त्यांना वाटले नाही, आणि मागणीच करावयाची होती तर शाळा कशाला काढली असेही कोणी म्हणू शकत नाही. शाळा चालविल्यामुळे काय मागावे हे त्यांना कळले होते. आणि एका माणसाच्या शाळा कोठपर्यंत पोचतात हेही कळले होते.

निवृत्ती आणि मौन

आता भिक्षुकांच्या मनात येणारी शंका. आम्ही निवृत्तिमार्गी आहोत. अटन, विजन, भिक्षा, स्मरण हा आमचा आचार. ग्रामसभा, न्यायालय, सत्ता यांच्याशी आमचा काय संबंध?

शंका महत्त्वाची आहे आणि तिच्यातील अर्धा भाग मान्यच करावयास हवा. साधकाने सत्ता मिळविण्याच्या खटपटीत पडू नये, कोणत्याही पक्षाचा झेंडा खांद्यावर घेऊ नये, मते गोळा करू नयेत. तसे केल्यास त्याचे स्मरण सुटते, रागद्वेष वाढतात, आणि ज्या अभिमानाचा त्याग केला तो दुसऱ्या रूपाने परत येतो. मागणीच्या मार्गातही धोके आहेत. बोलणे हेच करणे वाटू लागते. प्रतिपक्षाचा द्वेष हेच न्यायप्रेम वाटू लागते. अन्याय संपला तर आपले काय, अशी भीतीही काहींच्या मनात शिरते.

परंतु सत्ता न मागणे निराळे आणि सत्य न सांगणे निराळे. भिक्षुक ज्या गावात भिक्षा करतो त्या गावचे अन्न त्याच्या शरीरात असते. त्या गावात एका वस्तीला पाणी नाकारले जात असेल आणि त्याला विचारले असता तो 'आम्ही निवृत्त आहोत' म्हणून गप्प बसत असेल, तर त्याचे मौन दोन्ही बाजूंना सारखे पडत नाही. ज्याच्या हातात पोहरा आहे त्याला ते मौन सोयीचे पडते, आणि ज्याची घागर रिकामी आहे त्याला ते जड जाते. निवृत्ती म्हणजे आपल्या लाभापासून निवृत्त होणे. दुसऱ्याच्या दुःखापासून निवृत्त होणे तिच्यात बसत नाही. उलट, ज्याला मत नको, जमीन नको, सोयरीक नको, अशाच माणसाचा शब्द गावात निर्भीड ठरू शकतो. गृहस्थाला शेजाऱ्याशी बिघडण्याची भीती असते. भिक्षुकाला फार तर भिक्षेसाठी पुढच्या गावी जावे लागेल.

अहिंसेची कसोटी येथेही सुटत नाही. कृती असो की मागणी, तिने समोरच्याला शत्रू ठरवून त्याचा उच्छेद इच्छिला तर ती आपल्या आचारात बसणार नाही. महाडला मार खाऊनही लोकांनी हात आवरले, आणि तरीही आपली मागणी तसूभर कमी केली नाही. कठोर मागणी आणि आवरलेला हात एकत्र राहू शकतात, हे तेथे दिसून आले.

आज काय करावे

२६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे, आणि १५ व्या अनुच्छेदाने विहिरी, तळी, स्नानघाट व रस्ते यांच्या उपयोगात भेद करण्यास मनाई केली आहे. १९५५ साली अस्पृश्यता-अपराध कायदा झाला. १९७६ साली तोच नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र कायदा केला. कागदावर कमी आहे असे म्हणता येणार नाही. १९२४ च्या महाडप्रमाणे आजही प्रश्न पायांचा आहे.

म्हणून वासनिकांनी आपापल्या गावी पाहावे : नळयोजनेची वाहिनी कोणत्या वस्तीपर्यंत जाते आणि कोठे थांबते? उन्हाळ्यात टँकर आला तर तो प्रथम कोठे उभा राहतो? स्मशानभूमीची वाट सर्वांना मोकळी आहे काय? १९९३ पासून अमलात आलेल्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला मान्यता दिली आहे. तेथे हे प्रश्न विचारण्यास कोणाची आडकाठी नाही. ज्या वस्तीचा प्रश्न आहे तेथील माणसाने तो विचारला, तर दुसरा आवाज आपला असावा.

आणि त्याच दिवशी घरी परतल्यावर आपले घर पाहावे. भिक्षा चारही वर्णांत करावी असे मानणाऱ्या पंथातील आपण, मुलामुलींची सोयरीक ठरविताना जात विचारीत नाही, असे किती जणांना छातीवर हात ठेवून म्हणता येईल? यात्रेत एका पंगतीला बसतो, पण गावी परतल्यावर त्याच उपदेशी बंधूच्या घरी पाणी पितो काय? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही सरकारकडून मागता येणार नाहीत. ती ज्याची त्यानेच द्यावयाची आहेत.

ग्रामसभेत बोललेला शब्द आणि घरी ठेवलेला आचार यांची तेथेच गाठ पडते. त्यांतील एक असला म्हणून दुसरा माफ होत नाही. महाडच्या तळ्यासाठी न्यायालयात दहा वर्षे लढावे लागले. आपल्या घरच्या आडासाठी तेवढा विलंब लावण्याचे आपल्याला काहीही कारण नाही.

दंडवत प्रणाम.